बोट लावून बघणारी माणसं

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, छातीतला पेसमेकर आम्ही मुंबईहून बदलून आणला. आधीचा पाऱ्याच्या सेलवर चालायचा. गळ्याच्या हाडाखाली तपकिरीच्या डबीएवढं टेंगूळ, आणि दोन वर्षांत सेल संपला. नवा लिथियमचा, लहान, सहा-सात वर्षं तरी चालेल असा. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, जखम भरेपर्यंत तिथे कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस नुसता बघून जात नाही. सोलापूरला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. चहा ढोसायचा आणि म्हणायचं, "बगू की मशीन." अप्पा निमूट सदऱ्याची बटणं काढायचे. मग एकेक जण दाबून आधीच्या टेंगळाशी तुलना करायचा. "लई बारकं हाय की! आदीचं कसं हाताला लागायचं."

मला शिसारी यायची. मंगळवेढ्याच्या चुलत्यांनी तर तंबाखू मळून चुन्याने पांढऱ्या झालेल्या अंगठ्याने पट्टी उचकटून आत पाहिलं, आणि तोच अंगठा धोतराला पुसला. मी तेव्हा बावीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि स्थळं आणणारे हेच. मी गुपचूप कपबशा उचलल्या.

आठवड्याभरात जखम लाल झाली, मग वाहू लागली. पट्टी मीच बदलायची. त्या पुवाच्या वासाने मी तोंड फिरवायची, आणि बापाच्या अंगाची किळस येते म्हणून स्वतःचीही किळस यायची. शेवटी मुंबईला नेऊन नवा पेसमेकर काढावा लागला. जखम आटोक्यात आल्यावर दुसऱ्या बाजूला बसवला, पण हाताशी होता तो पुन्हा पाऱ्याच्या सेलचाच. सहा-सात वर्षांची दोन वर्षं झाली.

घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच चुलते हजर. "नवं लाभलं न्हाय बगा. जुनंच बरं," असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हात लांब केला. मी मनगट धरलं. "काका, हात लावू नका."

चुलत्यांचं तोंड उतरलं.

"बगू दे की गं," अप्पा म्हणाले, "एवढ्या लांबनं आलेत ते." आणि त्यांनी स्वतःच सदऱ्याचं वरचं बटण काढलं.