गार स्फटिकाचे सहा तास

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. ठिकाण – बंगळुरू, बनशंकरीतल्या आमच्या घराची मागची खोली. वेळ इतकी नेमकी देते, कारण ती माझ्या नोंदवहीत आहे. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कारण सापडत नसेल तर चूक मोजणाऱ्याची, असे मी भौतिकशास्त्र शिकताना मानत आले. म्हणूनच हे लिहिताना चिडचिड होते आहे.

माझा प्रकल्प साधा होता: सेकंदाला बरोबर एक कोटी स्पंदने देणारे, कमी खर्चाचे यंत्र घरी बनवायचे, ज्याच्याशी इतर उपकरणे ताडून पाहता येतील. एका प्रयोगशाळेच्या मुलाखतीत ते मांडायचे होते. त्या जागेसाठी मी दोन वर्षे धडपडत होते. ही स्पंदने देणारा क्वार्ट्झचा स्फटिक तापमान बदलले की भरकटतो. म्हणून त्याला पन्नास अंशांवर ठेवणारा हीटर लावून मी सगळे चपात्यांच्या हॉटपॉटमध्ये बंद केले.

"माझा डबा कुठं गं?" आत्याने विचारले. तिला घरात सगळे अक्का म्हणतात.

"अक्का, त्यात स्फटिक आहे. गार झाला की बिघडतो."

"सरी, बरं! मग चपात्या तू गार खा. त्या काही बिघडत नाहीत."

११.४० ला मी उपग्रहाचा अँटेना काढला. तोवर यंत्र उपग्रहाच्या अचूक वेळेच्या संकेतावरून स्वतःला दुरुस्त करत होते; आता ते एकटे किती टिकते हे पाहायचे होते. स्पंदने मोजायला मैत्रिणीकडून आणलेला काउंटर होता – त्याचे घड्याळ पूर्ण स्वतंत्र. संध्याकाळपर्यंत एकच आकडा… १,००,००,०००.०००. शेवटचा अंकसुद्धा हलला नाही. इतके चांगले यंत्र मी बनवलेच नव्हते!

५.४० ला डबा उघडला. आत गार. हीटरची तार तुटलेली. तापमानाची नोंद वेगळ्या फाइलमध्ये होत होती आणि ती मी दिवसभर उघडलीच नव्हती – ही चूक मात्र माझी. त्या फाइलनुसार हीटर ११.५२ लाच बंद पडला होता. दुपारी एकनंतर स्फटिक खोलीइतकाच, सत्तावीस अंशांवर. आकडा निदान पन्नास हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला पन्नास स्पंदनांनी, घसरायला हवा होता.

काउंटर अडकला होता का? लगेच दुसरा स्फटिक जोडला. आकडा व्यवस्थित हलू लागला. तार पुन्हा जोडली, मुद्दाम काढली – नऊ वेळा. प्रत्येक वेळी स्फटिक नियमाप्रमाणे भरकटला.

"ते सहा तास गाळून टाक," मैत्रीण म्हणाली. मला ते जमले नाही. मुलाखतीत सगळ्या नोंदी ठेवल्या.

"काउंटर तुमच्याच यंत्राला प्रमाण मानून मोजत असणार, मग आकडा हलेल कसा?" परीक्षक म्हणाले.

"नाही सर. जोडणीचा फोटो आहे."

"फोटोत सगळंच बरोबर दिसतं हो."

चौथ्या दिवशी नकाराची मेल आली. बाकीच्या नोंदींबद्दल तिच्यात एक शब्द नव्हता.

कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. फक्त 'दृष्ट काढा' असे सुचवू नका – अक्काने ते मला न विचारताच उरकले आहे. काल दुपारी दहाव्यांदा तार काढली, दोन तास थांबले. शेवटची नोंद – ९९,९९,९४८.३ हर्ट्झ.