कार्डावरचा दात

"उघड ते गटार."

डॉक्टर मला म्हणाला. गटार म्हणजे माझं तोंड. मी खुर्चीत आडवी, दिव्याचा झोत डोळ्यांत. शेजारच्या खुर्चीतली रोख पैसे देणारी बाई फिस्सकन हसली.

मी वाळूजला वायरिंगच्या कंपनीत होते. पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापले जात. त्याचं एक कार्ड. दात ठणकला की कार्ड घेऊन जालना रोडवरच्या या खासगी दवाखान्यात जायचं, कारण विम्यानं आम्हाला तोच नेमून दिला होता. कार्डवाल्यांनी जिन्यात बसायचं. रोखवाले संपले की आत. चूळ भरायला ग्लास घरून आणायचा. रोखवाल्यांना मात्र कागदी पेले होते. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपला गिलास आपल्यासंगं असलेला बरा." गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. तिनं त्यातच चहा प्यायला, स्वतः विसळला, परत खोचला. मीही पर्समध्ये स्टीलचा ग्लास टाकून मुकाट जात राहिले. लाज मला वाटायची. वाटायला त्या डॉक्टरला हवी होती.

पहिल्या खेपेला त्यानं माझी दाढ उपटली. इंजेक्शनची सुई बाहेर येते न येते तोच पक्कड घातली. मी किंचाळले. "तुम्हा लोकांना सवय असते," तो म्हणाला. कार्डावरचं आडनाव वाचल्यापासून मी त्याच्यासाठी तुम्हा लोकांतलीच होते. घरी आले तरी ठणका तसाच. किडलेल्या दाढेशेजारची चांगली दाढ त्यानं काढली होती. परत गेले तर म्हणाला, "मग ती पण काढू." काढली. ओढणी रक्तानं भिजली. तसाच बोळा दाबून मी शिफ्टची बस पकडली, कारण खाडा परवडत नव्हता.

आमच्या लाईनवरच्या बऱ्याच बायांचे दात असेच गेलेले. आम्ही एकमेकींना 'खिडकी' म्हणून चिडवायचो आणि पोट धरून हसायचो. कार्डावर दात फक्त उपटतात, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगितलं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

आणि आता समोरचा दात. कडेनं किडलेला, बाकी धडधाकट. मी विशी नुकतीच ओलांडलेली. तो दात मला हवा होता. हसायला, बोलायला, आरशात बघायला हवा होता.

शेजारच्या बाईला तो म्हणाला, "मॅडम, समोरचा दात कुणी काढतं का? नस काढून वाचवू आपण." मग पक्कड घेऊन माझ्याकडं वळला.

"माझा पण वाचवा ना," मी म्हणाले.

"कार्डात वाचवणं बसत नाही. उपटणं बसतं. आणि तुला कोण बघायला येणार आहे?"

त्यानं डाव्या हातानं माझा जबडा दाबला, अंगठा आत घातला, पक्कड दाताला लावली. मी मान फिरवली. त्यानं गुडघा खुर्चीला टेकवून जोर लावला. मी चावले. उरलेल्या सगळ्या दातांनी चावले. हातमोजा फाटला, कातडं फाटलं, त्याचं रक्त माझ्या जिभेवर आलं. तरी सोडलं नाही. तो बोंबलला आणि माझ्या थोबाडीत मारली. तेव्हा सोडलं. उठले आणि त्याच्या कानाखाली त्याच्यापेक्षा जोरात वाजवली. चष्मा उडाला. ट्रेमधल्या पकडी, सुया फरशीवर पसरल्या. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

तोंडही न धुता मी विम्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या मोठ्या मॅडमना विचारलं, "समोरचा दात वाचवणं कार्डात बसतं का?"

"बसतं की. दात भरणं, नस काढणं, सगळं बसतं. वरची कॅप तेवढी बसत नाही. डॉक्टर पण बदलून मिळतो. मागायचं फक्त."

मागायचं फक्त. नस काढायला त्याला चार बैठका लागल्या असत्या. उपटायला पाच मिनिटं. विम्याचे पैसे त्याला उशिरा मिळत, म्हणून आमच्यासाठी खुर्ची अडवायची नव्हती. एवढ्यासाठी त्यानं आमच्या तोंडांची खिंडारं केली होती. मला रडू आलं नाही. परत जाऊन त्याचे दात पाडावेत असं वाटलं.

मी डॉक्टर बदलून घेतला. सिडकोतल्या एका डॉक्टरीणबाईंनी माझा दात वाचवला. कार्डावरच.

इकडं त्या डॉक्टरचा कंपनीत फोन गेला होता. सुपरवायझर म्हणाला, "त्यांची माफी माग, नाहीतर उद्यापासून गेटवर दिसू नको." आईनं माझ्यापुढं हात जोडले.

"बाई, पाया पड त्याच्या. काम गेलं तं खायचं काय?"

"खाशील कशानं? तुझ्या तोंडात दात राहिलेत का, आई?"

बोलायला नको होतं ते बोलून गेले. आईनं पदर आपल्या बोळक्या तोंडाला लावला. परत माफीचं नाव काढलं नाही.

मी माफी मागितली नाही. काम गेलं. विम्याकडं तक्रार केली तेव्हा डॉक्टरनं माणूस पाठवला. दोन्ही दाढा फुकट बसवून देतो, तक्रार मागं घे. मी त्या माणसाला दारातूनच हाकललं.

आता शिफ्ट सुटताना मी कंपनीच्या गेटबाहेर उभी असते. सुपरवायझर वॉचमनला सांगून मला हुसकवतो. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहते. गालाला हात लावून निघालेली बाई दिसली की तिला अडवते, सिडकोत नेते, खुर्चीपाशी उभी राहते. कार्डवाला शेवटचा माणूस त्या डॉक्टरचा जिना चढायचा बंद होत नाही, तोवर मी या गेटसमोरून हलणार नाही.