घरव्याही

"माझी सही कुठे आहे?" हे विचारताना भाऊ उजव्या हाताचा तळवा पुढे करायचे, जणू समोरच्याने ती सही खिशात लपवली आहे आणि आता मुकाट्याने काढून द्यावी. विषय मुलाच्या घटस्फोटाचा. मुलाने सही केली, सुनेने केली, दोघांच्या वकिलांनी केली. भाऊंची कोणी घेतली नाही. म्हणून त्यांच्या लेखी तो घटस्फोट झालाच नव्हता.

तुमच्याही शेजारात असा एखादा असेल, ज्याचं म्हणणं साफ चुकीचं असतं आणि तरी खोडून काढता येत नाही. बोर्डीत भाऊंच्या आणि माझ्या घरांमध्ये एक कुंपण होतं, आणि त्यांच्या चिकूच्या निम्म्या फांद्या माझ्या अंगणात होत्या. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणतं. भाऊही म्हणत. माझ्या गाडीला मात्र ते आपली गाडी म्हणत.

त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं, हे मान्य केलं पाहिजे. मुलगा उधवा गावच्या मुलीच्या प्रेमात पडला तेव्हा सगळ्यात मोठा विरोध भाऊंचाच. बोर्डीचा चिकू आणि डोंगराकडची नागली, जमायचं कसं, असं ते चारचौघांत बोलत. दोन वर्षं पोरांनी मनधरणी केली. शेवटी राजी झाले आणि असे झाले की मांडवाच्या कापडाचा रंगसुद्धा त्यांनीच ठरवला. मग नात झाली आणि भाऊ पार पाघळले. ती रांगायला लागली तेव्हा तेही तिच्यामागे रांगायचे, धोतराचा सोगा खोचून. ती तीन वर्षांची असताना नवरा-बायकोचं बिनसलं. का, ते कोणालाच नीट कळलं नाही, आणि मला वाटतं त्या दोघांनाही नाही.

"राजी करायला दोन वर्षं घेतली," भाऊ म्हणायचे, "आणि मोडताना साधं विचारलं नाही."

कोर्टाने नात आईकडे दिली आणि बापाला रविवार दिला. "आईला सहा वार, बापाला एक. आजोबांना काय? अमावस्या तरी द्यायची." मुलगा वापीला नोकरीला. त्याचे रविवार हळूहळू ओव्हरटाइममध्ये जायला लागले. भाऊंना नात दिसायची ती मोबाइलवर, आणि तिथूनही ती लगेच पळायची. फोन ठेवला की भाऊ तो बराच वेळ सदऱ्याला पुसत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

एका सकाळी ते कुंपणापाशी आले. "बाई, गाडी काढा. आहेर परत करायचाय."

"कसला आहेर?"

"लग्नाचा. लग्न मोडलं तर लोकांच्या वस्तू घरात कशाला?"

"पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे घटस्फोट झालाच नाही ना?"

"माझ्यापुरता नाही झाला. लोक झाला म्हणतात. मग लोकांनी आपापला आहेर न्यावा."

मी गाडी काढली. पातेली, डबे, ताटं, भिंतीवरची घड्याळं आणि लेमन सेट. भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतंच, त्यामुळे पत्ते शोधायला अडचण नव्हती. अडचण होती ती घेणाऱ्यांची. कैनाडच्या एका बाईने घड्याळ पाहून दारच लावलं. आतून म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरीचं जमायचंय अजून. असला अपशकून आणू नका." भाऊ बंद दाराशी अर्धा तास बोलले. शेवटी घड्याळ खिडकीतून आत गेलं आणि तसंच खिडकीतून बाहेर आलं.

लेमन सेटने तर कमाल केली. ज्यांनी दिला ते म्हणाले, "खरं सांगू का, आम्हालाही तो आमच्या मुंजीत आला होता." ज्यांनी मुंजीत दिला त्यांच्याकडे गेलो. त्यांना तो वास्तुशांतीला मिळालेला. तिथेच आम्हाला चहा मिळाला आणि त्या घरचे आजोबा बराच वेळ भाऊंकडे बघून म्हणाले, "अहो, हा तर तुम्हीच दिला होतात." भाऊंनी खोका उघडून पेले नीट पाहिले आणि म्हणाले, "तरीच. पसंती चांगली आहे."

शिवाय आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भाऊ प्रत्येक भांड्यात चिकू घालून न्यायचे. मग त्या घरची बाई त्यांना तरी रिकाम्या हाताने कशी पाठवणार? कोणी पापड, कोणी सुके बोंबील, आणि ते घालून द्यायला हाताशी तेच भांडं. सकाळी भरून निघालेली गाडी संध्याकाळी तशीच भरून यायची, फक्त वास बदललेला असायचा.

होता होता एकच वस्तू न्यायची राहिली, उधव्याच्या व्याह्यांचं नाव असलेला हंडा. त्याचं नाव काढलं की भाऊ म्हणायचे, रस्ता खराब आहे, ऊन फार आहे, आज गुरुवार आहे. मला कारण कळत होतं. तो परत केला की खरोखरच संपलं असतं.

शेवटी एकदाचे गेलो. तलासरी मागे पडली तसा भाऊंनी हंडा मागच्या सीटवरून मांडीवर घेतला. विहीणबाई अंगणात भात पाखडत होत्या. सून दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तिच्या मागून नातीने डोकं काढलं, भाऊंकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "हे कोण?"

फोनवरचा माणूस एवढा मोठा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. भाऊ हंडा पोटाशी धरून म्हणाले, "मी भांडं परत द्यायला आलोय." त्यांचा आवाज मी पुन्हा कधी तसा ऐकला नाही.

विहीणबाईंनी चिकू सुपात ओतले. हंडा आत नेला, नागलीच्या पिठाने भरून आणला आणि भाऊंच्या हातात दिला.

"अहो, हा तुमचाच आहे," भाऊ म्हणाले.

"मग आणून द्या परत. व्याह्याला रिकामा धाडायची रीत नाही आमची."

त्या बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला. तेव्हापासून दर पंधरवड्याला तो हंडा एसटीने उधव्याला जायला लागला आणि भरून परत यायला लागला. मुलगा भडकला. भाऊ म्हणाले, "तुझा घटस्फोट तू सांभाळ, माझा व्याही मी सांभाळतो." सूनही एकदा बोललीच, "तुम्ही येऊन गेलात की ही मला दिवसभर विचारते, बाबा का नाही येत. मी काय सांगू?" पुढच्या खेपेला त्यांनी हंड्याबरोबर चिकूचं कलम नेलं.

दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो म्हणतात. भाऊंनी व्याह्यांच्या अंगणात कलमासाठी खड्डा खणला, नातीला तो किती खोल आहे ते दाखवायला वाकले आणि आत गेले. पाय मोडला. डॉक्टरने प्लास्टर घालून सांगितलं, गाडीचा धक्का चालणार नाही, आहात तिथेच राहा. घरजावई आपण सगळ्यांनी पाहिलेत. घरव्याही त्या तालुक्यात पहिलाच.

बाप पडलाय म्हटल्यावर मुलाला उधव्याला यावं लागलं. ज्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाला होता, त्याच ओट्यावर तो अवघडून बसला. त्याच्याच लेकीने त्याला तांब्या-भांडं आणून दिलं, कोणाही पाहुण्याला देतात तसं. तो पाणी पीत राहिला आणि भाऊ दुसरीकडे बघत राहिले. पुढच्या रविवारी मात्र तो न सांगता आला.

भाऊ गेल्या थंडीत गेले. पण त्यांची आठवण आली की मला तो ओटाच दिसतो. त्यांचे कपडे आणि गोळ्या घेऊन मी गेले होते. भाऊ भिंतीला टेकून झोपलेले, तोंड उघडं. त्यांच्या प्लास्टरवर नात खडूने मासे काढत होती. मला पाहून तिने विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूच्या? बाबांच्या की आईच्या?"

पाच वर्षांच्या पोरीने जगाची अशी विभागणी करून ठेवली होती. मीच भाऊंकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे कोणाच्या बाजूचे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं कसं कळत नाही या बाईला.

"त्यांना कुठे बाजू," ती म्हणाली. "त्यांचा पाय मोडलाय." आणि ती पुन्हा मासे काढायला लागली.