तिचा फोन माझ्याकडे असायचा

मी बाराखडी गिरवली ती पाठकोऱ्या पत्रकांवर. बाबा कबनूरच्या यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं काढायचे आणि उरलेली माझ्या वाट्याला यायची. एका बाजूला माझं ग-म-भ-न, दुसऱ्या बाजूला ‘आता गप्प बसू नका!’ त्यामुळे गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीच्या फोटोवरून घाणेरडी थट्टा सुरू झाली. मी तिथंच पानभर निषेध लिहिला आणि ग्रुप सोडला. राजारामपुरीतल्या खोलीत माझ्यासोबत गारगोटी गावची, त्याच वर्गातली मैत्रीण राहायची. तिला म्हटलं, “तूही बाहेर पड.”

“मला नोटिसा कळायला लागतात की,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढं, नेतेबाई.”

ती नोकरीच्या मुलाखतींची तयारी करत होती. फोन जवळ असला की रील बघण्यात तासच्या तास जायचे, म्हणून रोज पाच वाजता तो माझ्या हातात देऊन ती गच्चीवर अभ्यासाला जायची. “मागितला तरी देऊ नकोस. शिव्या घातल्या तरी.” मी कधी दिला नाही.

ग्रुप सोडल्यावर तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी राहवेना. माझ्यामागे काय बोलले असतील? कोण हसलं असेल? एखाद्याला तरी पटलं असेल का? तिच्या फोनचं लॉक उघडायचा पॅटर्न मला ठाऊक होता. घरून काही निरोप आला तर बघ म्हणून तिनंच सांगितला होता. मी ग्रुप उघडला. माझ्या पानभर निषेधाखाली कुणीतरी विचारलं होतं, ‘प्रॅक्टिकलची वही कुणाकडे आहे?’ त्याखाली एकाचा वाढदिवस. माझ्याविषयी एक अक्षर नव्हतं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी रोज पाच वाजायची वाट बघू लागले. आज बोलतील, निदान उद्या तरी. फोन परत उशीखाली ठेवताना ठरवायचे, आता बास. त्याच आठवड्यात मी मोबाइलच्या गुलामीवर एक पत्रक लिहिलं. ते खोटं नव्हतं. त्यातला शब्द न् शब्द मला पटत होता.

मग एका सकाळी ती एका दूध संघाच्या मुलाखतीला गेली आणि तासाभरात परत आली.

“झाली मुलाखत,” ती म्हणाली. “नऊलाच झाली. मी आपला साडेदहाला पोचलो. शिपाई म्हणतोय, ताई, सगळी कवाच गेली की.”

“वेळ बदलली? कधी?”

“काल सांजच्याला ग्रुपवर टाकलेलं म्हणं. वर्गातली दोघं जाऊन बी आली. मला नवीन मेसेज हाय म्हणून दिसलंच न्हाय गं.”

काल संध्याकाळी ग्रुप मी उघडला होता. माझं नाव शोधत झरझर शेवटापर्यंत गेले होते. तो मेसेज माझ्या डोळ्यांखालून गेला, आणि तिच्या फोनवर वाचलेला ठरला.

सँडल पायात तशीच ठेवून ती भिंतीला टेकून बसली. वडील दुपारी फोन करणार होते. त्यांना काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. “फोनच बिघडलाय माझा,” ती म्हणाली. “न्हायतर कोणतरी उघडत असंल.”

“कोण उघडेल?”

“हॅक-बिक करत्यात न्हाय का ते.”

आता सांगावं, असं मनात आलं. सभेत माइकसमोर मी कधी अडखळले नाही. इथं “पॅटर्न बदल तुझा,” एवढंच बोलले.

तिनं लगेच बदलला. मग माझ्याजवळ सरकून फोन माझ्या डोळ्यांपुढं धरला आणि नवा पॅटर्न सावकाश काढून दाखवला. पुन्हा एकदा काढला.

“बघितलास न्हवं? पाचला तुझ्याकडंच देणार हाय.”

मी मान हलवली. मला तो पहिल्याच वेळी पाठ झाला होता.