त्याची चिप माझ्या पायाला

माझ्या दोन्ही घोट्यांना त्या दिवशी शर्यतीची वेळ नोंदवणारी चिप बांधलेली होती. डाव्या पायाला माझी, उजव्या पायाला त्याची. शेवटच्या रेषेवरच्या मॅटवर आधी डावा पाय पडला की उजवा, ते आठवत नाही, आणि आठवून आता उपयोगही नाही. मशीन दोनदा वाजलं, एवढं पक्कं.

शर्यतीचं खूळ आमचं नव्हतं. आम्ही चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत काम करणारी माणसं. आठ तास उभं राहून घरी गेल्यावर पळायला जातो कोण? पण कंपनीत नवीन एचआर साहेब आले आणि त्यांना पळण्याचा भारी नाद. पावसाळ्यात डोंगरातली चौदा किलोमीटरची शर्यत होती. कंपनीतर्फे टीम उतरवायच्या, असं त्यांनी ठरवलं. कॅन्टीनच्या बाहेर नोटीस लागली. तिघांची एक टीम. तिघंही तीन तासांच्या आत पोचले तरच टीम धरणार आणि अशा टीमचा फोटो रिसेप्शनला लावणार.

फोटोचं ऐकून माझा लाइनवरचा जोडीदार पेटला. तो लातूरकडचा. सहा वर्षं माझ्या शेजारच्या स्टेशनला उभा होता, सहाही वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. कुरुळीत एका खोलीत बायको आणि दुसरीत शिकणारी मुलगी घेऊन राहायचा. दिवाळीच्या सुमारास परमनंटची यादी निघणार अशी कुजबुज होती. रोज येता-जाता साहेबांना आपला चेहरा फोटोत दिसला, तर यादीच्या वेळी आपण त्यांना आठवू, असं त्याच्या डोक्यात बसलं. मी त्याची टर उडवली. “फोटो बघून परमनंट करायला लागले तर मी उद्यापासून फेशियल करतो,” असं म्हणालो. तो हसला, पण नाव द्यायला आधी तोच गेला.

तिसरा आमचा स्टोअरवाला. कुरुळीचाच, जुन्या घरातला. ज्या डोंगरावर शर्यत होती तिथे तो लहानपणी गुरं घेऊन जायचा. त्यामुळे वाटेची काळजी नव्हती. महिनाभर दर रविवारी दोघं माझ्याकडे दिघीला यायचे आणि आम्ही टेकडी चढून-उतरून सराव करायचो. जोडीदाराने चाकणच्या बाजारातून नवे बूट आणले होते, दिसायला झकपक आणि तळाला सपाट. मी ते पाहिले होते. बदलून घे म्हणायचं राहून गेलं.

आता पंच मारण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. आमच्या शेडच्या गेटवर अजून कार्डच आहे. कार्ड मशीनला लावलं की माणूस हजर. एखादा दहा मिनिटं उशिरा येणार असला की त्याचं कार्ड दुसरा मारतो. सापडलं तर दोघंही घरी, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सगळे मारतात. माझे वडील शेवटच्या आजारपणात चिंचवडच्या दवाखान्यात होते, तेव्हा सकाळी त्यांचं सगळं आवरून निघेपर्यंत मला उशीर व्हायचा. दीड महिना माझं कार्ड त्याने मारलं. एकदाही बोलून दाखवलं नाही. त्या वर्षी माझी हजेरी चोख निघाली आणि मी परमनंट झालो. तो नाही झाला. ही गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही, पण मला ती रोज दिसायची, कारण तो रोज शेजारीच उभा असायचा.

शर्यतीच्या आधी तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी सुरुवातीच्या कमानीखाली उभे राहिलो तेव्हाच बुटात पाणी होतं. फोन भिजू नयेत म्हणून तिघांचेही फोन मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या पाउचमध्ये ठेवले. शिट्टी झाली आणि पहिल्या शेतातच आमची तारांबळ उडाली. चिखल असा की पाय आत जायचा आणि नुसता पाय बाहेर यायचा, बूट आतच. आम्ही एकमेकांना धरून ओढत होतो, पडत होतो, हसत होतो. स्टोअरवाला ओरडून सांगत होता, “कडंकडंनं या रं, मधी दलदल हाय.” तो पाऊण तास चांगला गेला. ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो, कारण त्या पाऊण तासात मला खरंच आनंद झाला होता.

सातव्या किलोमीटरला, चढ संपून खिंड येते तिथे, तो घसरला. बुटाच्या सपाट तळाने दगा दिला आणि गुडघा पिरगळला. उठला, चार पावलं चालला, बसला.

“लई दुखायलंय राव,” तो म्हणाला. “तुमी जावा. मी येतो सावकाश.”

सावकाश म्हणजे तीन तासांच्या बाहेर, म्हणजे टीम बाद. हे तिघांनाही कळलं. तो पायाकडे बघत होता आणि पावसात नीट दिसलं नाही तरी मला वाटतं, तो रडत होता. साधं गुडघ्याचं दुखणं होतं ते तेव्हा. मागून आयोजकांची दोन माणसं येत होती. ती सगळ्यात शेवटी चालायची, वाटेवरच्या फिती काढत, मागे राहिलेल्यांना गोळा करत. त्यांच्याबरोबर तो आरामात खाली आला असता. आज गुडघ्याला पट्टा बांधून लाइनवर उभा राहिला असता.

चिप काढ असं कोण म्हणालं? तो म्हणाला असं सांगायला मला आवडेल. पण मी म्हणालो. “दे इकडं,” मी म्हणालो, “पंच मारतो तुझा.” मला वाटलं, सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासाठी काहीतरी करतोय.

“आन मी असाच गेलो तर? चिप कुटंय इचारतील की.”

त्यावर स्टोअरवाल्याने डावीकडे बोट दाखवलं. “आरं, हितनं गुराची वाट हाय. खाली वस्तीवर निघती. कुनाला दिसायचा न्हाईस. तितं देवळात बस, आमी गाडी घिऊन येतो.”

“नक्की?”

“व्हय. डोळं झाकून उतरायचो मी.”

त्याने वेल्क्रो सोडून चिप माझ्या हातात दिली. मी ती उजव्या घोट्याला बांधली. तो एका काठीवर भार देत झुडपांत शिरला आणि आम्ही पळत सुटलो.

दोन तास सत्तेचाळीस मिनिटांनी आम्ही पोचलो. मशीन वाजलं, तिसऱ्या गड्याचं मेडल मी “तो कपडे बदलतोय” म्हणून मागून घेतलं. साहेब छत्री घेऊन उभे होते. त्यांनी पाठीवर थाप मारली. आम्ही लगेच गाडी काढून वस्तीवरच्या देवळाशी गेलो. तो नव्हता. गुडघा दुखतोय, वेळ लागणारच, असं म्हणत आम्ही पायरीवर बसून राहिलो. तासभर बसलो. मग माझ्या कमरेला फोन थरथरला. त्याचा फोन. मेसेज होता, तुम्ही शर्यत यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.

स्टोअरवाल्याला देवळाशी ठेवून मी परत शर्यतीच्या मैदानावर आलो. तंबू उतरवत होते. टेबलाशी एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. मी तिला म्हणालो, “आमचा एक जण दिसत नाही.” तिने नाव विचारलं, शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “आलेत की सर. हे बघा. तुमच्याबरोबरच आलेत. वर आता कोणीच नाही, सगळ्यांची नोंद जुळली.”

तिच्या मागे साहेब चहा पीत होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ती चिप माझ्या पायाला होती. शोधायला लागणाऱ्या शिट्ट्या, दोर आणि आयोजकांची दहा माणसं तिथेच होती, अजून गाड्यांत बसायची होती. मी साहेबांकडे बघितलं, आणि मला शेडचं गेट दिसलं, कार्ड दिसलं, वडिलांच्या आजारपणातला तो दीड महिना दिसला. हे एक उघडं पडलं की ते सगळं उघडं पडणार, असं वाटलं.

“हो का,” मी म्हणालो. “मग असेल इथेच.”

आयुष्यात याहून नीच वाक्य मी बोललो नाही. ते बोलताना मी हसलोही होतो.

मग आम्ही दोघंच वर गेलो. फिती काढून नेलेल्या, धुकं उतरलेलं. गुराची वाट सुरुवातीला होती. स्टोअरवाला झपाझप पुढे चालला होता आणि एकदम थांबला. पुढे वाटच नव्हती. प्लॉटिंगवाल्यांनी मुरूम काढून डोंगराची ती बाजू कापून नेली होती. सरळ कडा, खाली साचलेलं तांबडं पाणी. तो तिथे कितीतरी वर्षांत आलाच नव्हता. गुरं विकली, जमिनीवर शेड उभी राहिली, मग डोंगरावर जायचं कशाला? तो मटकन खाली बसला आणि “आमचीच वाट हाय ही,” असं म्हणत राहिला.

जोडीदार खाली होता. शुद्धीत होता. घोट्यातून हाड बाहेर आलं होतं आणि पाय चिखलात रुतलेला होता. आम्ही लांबून फिरून त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. हाका मारून त्याचा आवाज बसला होता. त्याने आधी विचारलं ते हे, “वाजलं का मशीन?”

दवाखान्यात तीन ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले, जखम चार तास चिखलात राहिली हे नडलं. पाय ठेवला, पण घोटा लाकडासारखा झाला. आठ तास उभं राहणं आता नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याची बायको कॉरिडॉरमध्ये माझ्यापुढे उभी राहिली. “भाऊजी,” ती म्हणाली, “चार तास तुमी कुटं होता?” मी काहीतरी पावसाबद्दल बोललो.

आठव्या दिवशी साहेब फॉर्म घेऊन आले. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट समजावून सांगितलं. शर्यत कंपनीतर्फे होती, त्यामुळे शर्यतीत पडला असशील तर ते कामावर पडल्यासारखंच आहे. मग कंपनीला तुला बसून करायचं काम द्यावं लागेल, आणि तेही परमनंट. शर्यत संपल्यावर आपल्या मनाने कुठे फिरायला गेला असशील, तर मात्र माझ्या हातात काही नाही. “मशीन म्हणतं तू पोचलास,” ते म्हणाले. “पण मशीन चुकू शकतं. तू सांग.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती माझी वेळ होती. देव जाणे, इतकी सोपी वेळ माणसाला परत मिळत नाही. मी तोंड उघडलं की तो परमनंट होणार होता. मी मात्र घरी. दिघीचं घर, माझी दोन पोरं, आई, हे सगळं मी मनातल्या मनात मोजलं. मी फरशीकडे बघत राहिलो.

“पोचलो होतो साहेब,” तो म्हणाला. “दोन तास सत्तेचाळीस मिनिटं. मग वस्तीवर निघालो हुतो, तवा पाय घसरला.”

त्याने वेळ पाठ केली होती.

साहेबांनी सही घेतली. ते गेल्यावर मी त्याचा हात धरला. “राव, असं का केलंस?” मी विचारलं. हे विचारायलाही लाज वाटायला हवी होती.

“तू बोलशील म्हनून थांबलो हुतो जरा,” तो म्हणाला. “मग म्हनलं, न्हाई बोलत ह्यो. माजा पाय तर गेलाच, दोघंबी कशाला बुडायचं?” आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

दिवाळीत यादी निघाली. कॉन्ट्रॅक्टवाल्याने त्याआधीच त्याचं नाव काढलं होतं. आमच्या तिघांचा फोटो रिसेप्शनला लागला, म्हणजे आमचे दोन चेहरे आणि त्याच्या आयकार्डावरचा फोटो मोठा करून शेजारी चिकटवलेला. स्टोअरवाला आता माझ्याशी बोलत नाही. समोर आला तर खोक्यांवरची लेबलं वाचायला लागतो. मी नंतर दोनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. पहिल्यांदा ते मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा ते आत एकटेच होते.

तो गावी निघाला त्या दिवशी माझी दुसरी शिफ्ट होती. मी कुरुळीला गेलो. टेंपोत एक कपाट, गॅसची शेगडी, दोन पोती. मी आणि टेंपोवाल्याने सामान चढवलं. बायको माझ्याशी बोलली नाही. मुलीच्या गळ्यात ते मेडल होतं. “पप्पा डोंगर पळाले,” असं ती शेजारणीला सांगत होती आणि शेजारीण मान डोलवत होती. तो काठी टेकत आला आणि पुढच्या सीटवर चढायला लागला. मी त्याला काखेत धरून वर बसवलं. पाय हाताने उचलून आत ठेवावा लागला.

मी काहीतरी बोलणार होतो. घरून तसं ठरवूनच निघालो होतो. त्याने घड्याळात बघितलं.

“जा आता,” तो म्हणाला. “उशीर करू नगंस. तुजं कार्ड मारायला तितं कोनी न्हाई आता.”

टेंपो हायवेला लागेपर्यंत मी उभा राहिलो. मग गाडीला किक मारली. गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुरू व्हायला अजून सहा मिनिटं होती.