भिमाजींचं आभाळ कोणाच्या नावावर?

भिमाजी मौले यांना जगात एकाच माणसाचा मत्सर वाटायचा. ते माणूस सव्वीस वर्षांचं होतं, सटाण्याचं होतं आणि त्यांना "काका" म्हणायचं, त्यामुळे मोकळेपणाने रागावण्याचीही सोय नव्हती.

नाशिकबाहेरच्या विमानतळावर भिमाजी एकोणतीस वर्षं हवामान बघत होते. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं, वारा, ढग, धुकं बघायचं आणि नोंद फोनवरून नियंत्रण मनोऱ्यात कळवायची. मनोऱ्यातली साधना ती वैमानिकाला वाचून दाखवायची. वैमानिक म्हणायचा, "थँक यू, मॅडम." ढग मोजायचे भिमाजींनी आणि आभार मॅडमचे! पुरणपोळी लाटणारी चुलीपाशी घामाघूम आणि कौतुक वाढणारीचं, तशातली गत.

"आभाळ बघताय एवढी वर्षं," त्यांची बायको आक्काबाई म्हणायची, "न्हाणीघराच्या छताला ओल आलीये, ती नाही दिसली अजून."

त्यात वरून पत्र आलं. हवामानाच्या नोंदीची जबाबदारी मनोऱ्याकडे द्यावी का, हे ठरवायचं होतं. पंधरा दिवस दोघांनी वेगवेगळ्या नोंदी करायच्या, मग साहेब निकाल देणार. साधना त्यासाठी प्रशिक्षणही घेऊन आली. भिमाजींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढी दोन वर्षं नोंदवहीत सही आपलीच असावी, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

धुक्यात किती लांबचं दिसतं, हे ठरवायची रीत साधी. गच्चीवरून ठरलेल्या खुणा बघायच्या. निलगिरीची रांग आठशे मीटरवर, पाण्याची पांढरी टाकी दोन किलोमीटरवर, देवीची टेकडी पाचवर. जी शेवटची दिसेल, तेवढं अंतर. पहिले नऊ दिवस दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळल्या. भिमाजींना त्यात पोरीची हुशारी दिसली नाही. "माझ्याकडे बघून लिहिते," ते आक्काबाईंना म्हणाले. मनोरा गच्चीपासून दोनशे मीटर लांब होता, पण मत्सराला अंतर कुठे मोजता येतं?

अकराव्या दिवशी ते साप्ताहिक सुट्टी संपवून आले. थंडी कडाक्याची. द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर धुक्यात मिसळला होता, आणि एक विमान उतरायला येत होतं. आज साधनेच्या आधी नोंद द्यायचीच, या घाईत त्यांनी नजर फिरवली. निलगिरी दिसली. तिच्यामागे पांढरटसं काहीतरी. त्यांनी लिहिलं आणि फोन उचलला.

"टाकी दिसते. दोन किलोमीटर."

पलीकडून साधनेचा आवाज आला.

"काका, कोणती टाकी?"

"आपली, पाण्याची! दिसत नसेल तर चष्मा लाव."

"अहो, ती काल दुपारी पाडली. जुनी झाली होती ना. मी इथूनच पाहिली पडताना. तठे काहीच नही शे, काका!" घाबरली की साधना थेट सटाण्याच्या अहिराणीत पोचायची. "माझी नोंद आठशेची आहे. वैमानिकाला अजून वाचून दाखवली नाहीये. काय सांगू त्यांना?"

भिमाजी पुन्हा गच्चीवर धावले. निलगिरीमागे नुसतं धुकं होतं. 'तू फोनवर चुकीचं ऐकलंस' असं म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण वर माणसं होती, आणि ती जमीन शोधत होती.

"माझं चुकलं," ते फोनवर म्हणाले. "आठशेच. तसंच सांग."

मग नोंदवहीत स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहून त्यांनी खाली सही केली. विमान अर्धा तास वर घिरट्या घालत राहिलं, आणि ऊन पडल्यावर उतरलं.

पंधराव्या दिवशी साहेबांनी वही चाळली. "चूक कोणी पकडली, मौले?"

"साधनेने."

"मग जबाबदारी कोणाला द्यायची? तुमचं मत सांगा."

भिमाजी म्हणाले, "तिलाच द्या. पण ती आभाळ बघत असताना विमानांशी बोलायला दुसरं माणूस ठेवा. मला एकच काम होतं, तरी घाईत पाडलेली टाकी मी उभी केली. हिला दोन दिलीत तर डोंगर हलतील."

साहेबांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

एक तारखेला साधनेने गच्चीवर पहिली नोंद केली, खाली सही केली आणि वही पुढे धरली. "काका, बघता का एकदा?"

भिमाजींनी पाहिलं. वारा, ढग, धुकं, वेळ. मग पुन्हा वरपासून. एखादी तरी चूक निघावी म्हणून त्यांनी चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. शेजाऱ्याचा पोरगा पहिला आला, हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.