विहिरीवरचं इंजिन

वामनभाऊंना शेवटचं भेटायला गेलो तेव्हा मी त्यांच्यासाठी एक डझन संत्री नेली होती. नागपूरच्या सीताबर्डीवरून, चांगली निवडून. एसटीनं काटोल मागे टाकलं, दोन्ही बाजूंना बगीचे लागले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की ज्या माणसाची चारशे झाडं आहेत त्याच्याकडे आपण संत्री घेऊन चाललो आहोत. पिशवी गाडीतच राहिली असं दाखवावं असंही मनात आलं, पण कंडक्टर ओळखीचा होता, धावत आणून दिली असती. वामनभाऊ ओसरीवर खाटेला टेकून बसले होते. खूप वाळले होते. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "जवाईबापू, हा आपल्याच विहिरीचा माल हाय. आम्ही व्यापाऱ्याले देल्ला, त्यानं नागपूरले नेला, तुम्ही वापस आणला. लय फिरला बिचारा."

आठ दिवसांनी कचेरीत तार आली. वामनभाऊ माझ्या बायकोचे, कुसुमचे, थोरले भाऊ. घरी येऊन तिला तार दाखवली. ती म्हणाली, "ताण सुरू असताना गेला." बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, आमच्याकडे डिसेंबरात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. महिनाभर झाडं तहानलेली ठेवायची, पानं मलूल होऊ द्यायची आणि नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरून जातं. पाणी लवकर सोडलं तर फूल येत नाही, उशीर झाला तर झाडच वाळून बसतं. तो नेमका दिवस वामनभाऊ पानं पाहून सांगत. आजूबाजूचे शेतकरीही त्यांना आपल्या बगीच्यात बोलावून नेत.

या ताणाच्या महिन्याच्या भरवशावर आम्ही एकदा शर्यतीची मोटार बांधली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सासऱ्यांनी कापसाच्या एका चांगल्या सालात जुनी विलायती मोटार घेतली होती. पुढे लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा त्यांनी तिचं इंजिन काढून विहिरीवर बसवलं आणि पट्ट्यानं पंपाला जोडलं. सासरे गेले, तरी इंजिन पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालतच राहिलं. बाकीची मोटार गोठ्यात होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. गावात वीज आली होती, विहिरीपर्यंत यायची होती. अशात नागपूरच्या काही हौशी मंडळींनी शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत ठरवली. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की जागेवरून सुटायचं आणि पाव मैल सरळ जायचं. वळण नाही, फेरे नाहीत. जुन्या मोटारींचा गट वेगळा होता. हे मी जेवताना सहज बोललो आणि वामनभाऊंचा हात ताटातच थांबला. वडलांची मोटार त्यांनी लहानपणी चालताना पाहिली होती. मोठेपणी ती पुन्हा एकदा चालताना पाहावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

विहिरीवरचं इंजिन महिनाभर गाडीत बसवायला परवानगी सासूबाईंची घ्यायची होती. बगीचा त्यांच्या नावावर होता आणि मोतीबिंदूमुळे त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. विहिरीवर इंजिनाची धडधड सुरू झाली की दारात बसून त्या मान हलवत, बगीचा त्यांच्यासाठी तेवढाच उरला होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरळच जायचं, वळायचं नाई? मंग घरी कसे येता गा?" मग म्हणाल्या, "न्या. पण संक्रांतीले मले विहिरीवर आवाज आला पायजे." वामनभाऊ म्हणाले, "आवाज येईन, माय."

मंडळी तिघंच. वामनभाऊ, त्यांचे शाळासोबती शेषराव आणि मी. शेषराव कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर, त्यामुळे त्यांचं ऐकावं लागे. मी जिल्हा कचेरीत कारकून, त्यामुळे माझं कुणी ऐकत नसे. पैसा कुणाकडे नव्हता, जे घरात पडलं होतं त्यातच भागवायचं ठरलं. मी एक फाइल उघडली, 'विषय : जुन्या मोटारीची बांधणी', आणि संक्रांतीपासून मागे मागे दिवस मांडत आराखडा केला. पाणी तोडलं त्याच दिवशी इंजिन उतरवायचं, बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, गोठ्यात आणायचं, तीन रविवारांत बसवायचं, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शर्यत, आणि संक्रांतीला इंजिन पुन्हा विहिरीवर. त्या फाइलचा मला फार अभिमान होता. शेषराव तिच्यावर पाना ठेवत.

गाडी हलकी कशी करायची यावरच बैठकांमागून बैठका झाल्या. दारं काढली, मडगार्ड काढले, कोंबड्यांना उठवून मागची सीट काढली. पेट्रोलची टाकी म्हणून रॉकेलचा डबा, सायलेन्सरच्या जागी विहिरीवरच्या पाइपाचा तुकडा, बसायला पाट आणि त्यावर घडी केलेलं पोतं. एकदा मी मोठ्या गंभीरपणे विचारलं की आणखी वजन कुठून कमी करता येईल. कुसुम चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "हे गाडीत बसणार नाईत एवढं लिहून ठेवा, निम्मं तिथंच गेलं." शेषरावांनी ते खरंच फाइलीत लिहायला लावलं. इंजिन गाडीत बसून पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सगळ्या गोठ्यात धूर झाला, बैलांनी दोर तोडला आणि वामनभाऊ बोनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी काहीतरी बोलायला गेलो तर शेषरावांनी माझा दंड धरला...

शर्यतीच्या दोन दिवस आधी पोस्टकार्ड आलं. धावपट्टीची परवानगी अडली होती, शर्यत आठ दिवस पुढे. म्हणजे संक्रांतीच्या नंतर. मी कचेरीत रजा टाकून बसलो होतो, सगळ्या टेबलांवर फुशारकी मारून झाली होती. मी आणि शेषराव एका बाजूला झालो. आठ दिवसांनी काय होतं, ताण थोडा जास्त बसला तर फूल जास्तच येईल, असं मी वामनभाऊंना समजावलं. संत्र्याचा आणि माझा संबंध खाण्यापुरताच होता, तरी बोललो. वामनभाऊ ऐकत राहिले. भोगीच्या दिवशी सकाळी भाजीला वालाच्या शेंगा तोडायला कुसुम बगीच्याकडे गेली, तिच्याबरोबर तेही गेले. परत आले ते थेट गोठ्यात. म्हणाले, "झाडं नाई थांबत. पानं मिटून राहिली. आज इंजिन उतरवा लागन."

पानांचं त्यांच्यापुढे कोण बोलणार? शेषरावांनी हातातलं फडकं फेकलं. मी म्हणालो, "मग एवढं केलं ते कशाला, भाऊ?" वामनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, "चला, एकदा तं पळवू."

गावाबाहेर कापसाच्या वावरांमधून एक सरळ बंडीवाट जाते. शेषरावांनी दोरीनं पाव मैल मोजला. टोकाला कुसुम लाल फडकं घेऊन उभी राहिली. घड्याळ माझ्याकडे होतं, सेकंदाचा काटा असलेलं ते एकटंच होतं. गाडी सुटली. काय सांगू, तो आवाज, ती धूळ आणि त्या धुळीतून निघालेलं वामनभाऊंचं पांढरं मुंडासं... गाडी कुसुमच्या पुढे निघून गेली, थांबली, आणि शेषराव ओरडले, किती? मी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ चाललं होतं. पण गाडी सुटली तेव्हा काटा कुठे होता हे पाहायचं मी विसरलो होतो. त्यामुळे आमच्या मोटारीचा वेग आजवर कुणाला माहीत नाही. शेषराव आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. वामनभाऊ मात्र पुढे दर दिवाळीला नवा आकडा सांगत, आणि "जवाईबापूंनी स्वतः पाहिला" म्हणून मला साक्षीला धरत.

संध्याकाळी इंजिन उतरलं, दुसऱ्या दिवशी विहिरीवर धडधडलं. आठ दिवसांनी शर्यत झाली, आम्ही गेलो नाही. पुढच्या साली धावपट्टीला तारेचं कुंपण पडलं. सासूबाई त्यानंतर चार वर्षांनी गेल्या, विहिरीवर विजेची मोटर आली, इंजिनावर ताडपत्री पडली. तरी ताण सुटायच्या दिवशी वामनभाऊ आधी ताडपत्री काढून इंजिनाला चार हँडल मारत, ते सुरू झालं की बंद करत आणि मगच मोटरचं बटण दाबत. मी त्याला त्यांची सवय समजत आलो.

यंदा सुतक होतं, संक्रांत नव्हती. पण झाडं ताणावर उभी होती आणि पानं पाहणारा माणूस नव्हता. वामनभाऊंचा मुलगा प्रकाश बँकेत नोकरीला आहे. त्यानं बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो. प्रकाश म्हणाला, "आत्या, पाणी सोडू का? मले काहीच समजून नाई राहिलं." चारशे झाडांचा बहार एका दिवसावर लटकला होता. मी कृषीखात्याचं एक पत्रक बरोबर नेलं होतं, ते वाचून दाखवायला सुरुवात केली. कुसुम पायांत चप्पल न घालताच बगीच्यात गेली. सकाळचं ऊन नुकतं आलं होतं. ती सात-आठ झाडांजवळ थांबली, पानं तळव्यावर घेऊन पाहिली आणि येऊन म्हणाली, "आज सोड." प्रकाशनं ताडपत्री काढली. हँडल त्याला जमलं नाही, मला तर मुळीच नाही, शेवटी दोघांनी मिळून फिरवलं. इंजिन चार-पाच वेळा खोकलं आणि लागलं. कुसुम घराच्या दाराकडे तोंड करून उभी होती. थोड्या वेळानं तिनं हात केला, प्रकाशनं इंजिन थांबवलं आणि बटण दाबलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं की तुला हे पानांचं कुठून येतं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"भाऊनं शिकवलं. मोटारीच्या वर्षी, भोगीच्या दिवशी, शेंगा तोडताना. दुपारी मिटलेलं पान नाई पाहायचं, उन्हानं कोणतंबी मिटते. सकाळी मिटलेलं दिसलं का पाणी सोडायचं."

"म्हणजे त्या दिवशी सकाळी मिटली होती."

"उघडी होती," कुसुम म्हणाली. "आणखी आठ दिवस आरामात निघाले असते. त्याले मालूम होतं."

"मग शर्यत काहून सोडली? आईंना विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या."

"हो म्हणाली असती," ती म्हणाली, "अन् आठ दिवस दारात बसून राहिली असती. म्हणून तं त्यानं विचारलंच नाई."